साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेण्यापूर्वी काय तपासावे?

सिंदेवाही तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचा प्रश्न असा आहे: विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो, शाळेचे स्नेहसंमेलन, गावचा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि हिवाळ्यात ताडोब्याची सहल एवढ्यासाठी खिशात मावेल असा साधा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. खर्चाची मर्यादा आठ हजार रुपयांची आहे. पुण्याचा भाचा आपला वापरलेला सोनी डब्ल्यू ८३० सात हजारांना द्यायला तयार आहे, तर ऑनलाइन ४८ मेगापिक्सेलचा कोरा कॅमेरा साडेचार हजारांत दिसतो. दोहोंपैकी कोणता घ्यावा, की फोनवरच भागवावे?

गुरुजी, आधी निकाल सांगतो आणि मग कारणे. ऑनलाइन दिसणारा तो ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा कोणी फुकट दिला तरी शाळेसाठी घेऊ नये. भाच्याचा कॅमेरा घ्यावा, परंतु नातेवाइकाकडचा आहे म्हणून डोळे मिटून नव्हे, तर तो हातात घेऊन खाली सांगितलेल्या कसोट्या लावल्यानंतरच. त्यात तो नापास झाला, तर आपला फोन पुरेसा आहे असे समजून उरलेल्या पैशांतून एक हलकी तिपाई घ्यावी.

नागभीडला माझा फोटो स्टुडिओ रोल भरायच्या काळापासून आहे आणि गिऱ्हाइकांचे कॅमेरे तपासून देण्याचे काम मी गेली वीस वर्षे करीत आहे. एवढ्या काळात मला एकही असा घरगुती कॅमेरा भेटला नाही की ज्याचे फोटो मेगापिक्सेल कमी पडल्यामुळे बिघडले. चार बाय सहा इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम छापण्यासाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२०० म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके). भिंतीवर लावण्याजोगा आठ बाय बारा इंचांचा फोटो पावणेनऊ मेगापिक्सेलमध्ये होतो. ओळखपत्रावरच्या ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोला तर ४१३ गुणिले ५३१ ठिपके, म्हणजे पाव मेगापिक्सेलही लागत नाही. जो आकडा खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचा असतो.

खरा प्रश्न प्रकाश झेलणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा आहे. बहुतेक साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो त्याला १/२.३ इंची म्हणतात आणि त्याचे प्रत्यक्ष माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढे असते. आपल्या लग्नातले फोटो ज्या रोलवर निघाले असतील त्याची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. तिच्या तुलनेत हा दाणा तीसपट लहान आहे. त्याहून मोठा, ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याची कोणतीच बाजू एक इंच नसते, कारण हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आले आहे. क्षेत्रफळात तो तुरीच्या दाण्याच्या चौपट भरतो आणि संध्याकाळच्या फोटोत हा फरक उघड दिसतो. सोनीने २०१२ मध्ये आणलेला आरएक्स १०० हा असा कॅमेरा आहे, पण तो चांगल्या स्थितीत आठ हजारांत मिळणे अवघड असल्याने त्याची चर्चा लांबवत नाही.

आता त्या साडेचार हजारांच्या वस्तूकडे वळू. तिच्यातला सेन्सर बहुधा स्वस्त वेबकॅमच्या जातीचा असतो आणि तो टिपतो त्यापेक्षा कितीतरी अधिक ठिपके आतला प्रोग्राम दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने भरून देतो. दुधात पाणी घातल्याने माप वाढते, साय वाढत नाही. त्या जाहिरातीतील ‘१६ पट डिजिटल झूम’ हाही तसाच प्रकार आहे, कारण त्यात भिंग जागचे हलत नाही. फोटोचा मधला भाग कापून मोठा करून दाखवला जातो, आणि तो आपण घरी संगणकावर फुकटात करू शकतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की, खरा झूम असलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती दोन टोकांचे आकडे कोरलेले असतात. डब्ल्यू ८३० वर ४.५ ते ३६ मिलिमीटर असे लिहिलेले आहे. ३६ ला ४.५ ने भागले की आठ येतात, आणि हाच त्याचा आठ पट ऑप्टिकल झूम. जिथे एकच आकडा आहे किंवा आकडाच नाही, तिथे झूमच्या गप्पा ऐकू नयेत. अशा स्वस्त कॅमेऱ्यांपैकी अनेकांत फोकसही कारखान्यातच एका अंतरावर कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे वहीच्या पानाचा किंवा फुलाचा जवळून घेतलेला फोटो कधीच स्पष्ट येत नाही.

मग फोन का नको, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. वर्गखोलीत, ओसरीवर, कंदिली उजेडात फ्लॅश न वापरता फोटो काढायचा असेल, तर आजचा मध्यम किमतीचा फोन डब्ल्यू ८३० ला सहज मागे टाकतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता बहुधा तुरीच्या दाण्याहून मोठा असतो, त्याचे भिंग एफ १.८ च्या आसपास उघडते (हा आकडा जितका लहान, तितके भिंग मोठे उघडते) आणि तो एका क्षणात अनेक फोटो काढून त्यांचा एक स्वच्छ फोटो जुळवतो. डब्ल्यू ८३० चे भिंग जास्तीत जास्त एफ ३.३ पर्यंत उघडते, म्हणजे फोनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश आत घेते. शिवाय सरकारी ॲपवर स्थळासह फोटो चढवण्याचे जे काम शिक्षकांच्या मागे लागलेले असते, ते या कॅमेऱ्याने होणार नाही, कारण त्यात जीपीएस नाही. चलचित्रण १२८० बाय ७२० एवढेच होते; तेही फोन अधिक चांगले करतो.

कॉम्पॅक्ट कॅमेरा घेण्याला माझ्या मते दोनच सबळ कारणे उरतात: खरा झूम आणि खरा फ्लॅश. आपल्या यादीतील कामांना या दोन्हींची गरज आहे, म्हणूनच मी घ्या म्हणतो.

झूमचा हिशेब ताडोब्यावरून समजून घेऊ. फोनचा मुख्य कॅमेरा रोलच्या भाषेत, म्हणजे रोलच्या ३६ बाय २४ च्या चौकटीशी जुळवून सांगितले तर, साधारण २५ मिलिमीटरचा असतो. कोलारा किंवा मोहर्ली दरवाजातून आत गेल्यावर वाघ ५० मीटरवर आडवा चालत असला, तर फोनच्या चौकटीत त्या अंतरावर सुमारे ७२ मीटर रुंदीचे जंगल मावते आणि दोन मीटरचा वाघ तिचा छत्तिसावा भाग व्यापतो. डब्ल्यू ८३० पूर्ण झूम केल्यावर त्याच भाषेत २०० मिलिमीटरचा होतो (भिंगावर कोरलेला ३६ चा आकडा लहान सेन्सरच्या हिशेबातला असतो), चौकटीची रुंदी नऊ मीटरवर येते आणि तोच वाघ जवळपास चौथाई चौकट भरतो. काही फोनांत झूमचे वेगळे भिंग असते हे खरे, पण गाभा क्षेत्राच्या सफारीत मोबाईल वापरण्यावर बंदी आहे आणि कॅमेऱ्याला मुभा आहे, त्यामुळे तिथे फोनची बाजू मुळातच निकालात निघते. कॅमेऱ्याचे शुल्क आणि नियम बदलत असतात, ते आरक्षण करतानाच वाचून घ्यावेत.

मात्र झूमची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पूर्ण झूमवर या कॅमेऱ्याचे भिंग एफ ६.३ पर्यंत आखडते, म्हणजे बिनझूमच्या तुलनेत चौथाईच्या थोडा वर प्रकाश आत येतो, आणि नेमक्या त्याच वेळी हाताची थरथर आठपट होऊन दिसते. २०० मिलिमीटरला शटर १/२०० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ उघडे राहावे हा जुना नियम अजूनही उपयोगी आहे. डब्ल्यू ८३० मध्ये भिंगातली थरथर सावरणारी यंत्रणा आहे, म्हणून थोडी सवलत मिळते. जुना कॅमेरा घेताना ही गोष्ट नावावर विसंबून गृहीत धरू नये: कॅननचे इक्सस १८५ आणि १९० हे २०१७ चे दोन कॅमेरे जुळ्या भावांसारखे दिसतात, पण भिंगातली ही यंत्रणा १९० मध्ये आहे, १८५ मध्ये नाही. सफारीत चालकाला इंजिन बंद करायला सांगावे, कोपर गाडीच्या दांड्यावर टेकवावे आणि श्वास सोडून मग बटण दाबावे. पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो रवाळ येणारच. तो कॅमेऱ्याचा दोष मानून परत करायला जाऊ नये.

ओळखपत्रांच्या फोटोंतही झूमच कामाला येतो, आणि इथे मला आपल्याला विशेष सांगायचे आहे. फोन मुलाच्या तोंडासमोर दीड हातावर धरला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा भिंगाचा दोष नसून अंतराचा परिणाम आहे. कॅमेरा घेऊन दोन मीटर मागे सरकावे, झूम साधारण तीन-चार पट करावा, मुलाला ओसरीच्या सावलीत उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि मागे धुतलेले पांढरे धोतर लावावे. चाळीस मुलांचे फोटो तासाभरात होतात आणि आई आपल्या लेकराला ओळखते. माझ्याकडे दरवर्षी जुलैत जे ओळखपत्रांचे फोटो छपाईला येतात, त्यांतले निम्मे जवळून काढल्यामुळे बिघडलेले असतात.

फ्लॅशबद्दल लोकांचा समज उलटा असतो. कॉम्पॅक्टमधला झेनॉन वायूच्या नळीचा फ्लॅश फोनच्या दिव्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास लखलखून विझतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत हलणारे मूलही स्थिर आणि स्पष्ट येते. परंतु त्याचा पल्ला साधारण तीन मीटरचा असतो आणि झूम केल्यावर तो आणखी घटतो, कारण भिंग आखडते; शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून नाटकांचा हंगाम सुरू झाला की मंडपात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणारे डझनभर लोक दिसतात. त्या फोटोंत पुढच्या प्रेक्षकांच्या टोप्या आणि पाठी झळाळून निघतात आणि रंगमंचावरचा राजा अंधारातच राहतो. स्नेहसंमेलनात फ्लॅश बंद ठेवावा, झूमचा मोह आवरावा, पहिल्या रांगेच्या बाजूला उभे राहावे आणि पात्र क्षणभर थांबते तो क्षण धरावा. बक्षीस वाटपाच्या वेळी मात्र दोन मीटरवरून फ्लॅश खुशाल वापरावा.

शंकरपटात कॅमेऱ्याचा तिसरा गुण कसाला लागतो, तो म्हणजे बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा विलंब. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. आता तो काळ गेला, तरी साधा कॉम्पॅक्ट फोकस शोधताना जो अर्धा सेकंद घुटमळतो, तेवढ्यात बैलजोडी चौकटीबाहेर जाऊन धूळ तेवढी हाती लागते. हा विलंब घरी मोजता येतो. फोनवर सेकंदाचे शतांश दाखवणारे घड्याळ सुरू करावे, त्यावर कॅमेरा रोखावा आणि दहाचा आकडा येताच बटण दाबावे. फोटोत दहाच्या पुढे जेवढे दिसेल तो कॅमेऱ्याचा आणि आपल्या बोटाचा मिळून विलंब. मग बटण आधी अर्धे दाबून ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी. दुसरा आकडा पहिल्याहून बराच कमी आला पाहिजे. पटावरही हेच करायचे: जोडी येण्यापूर्वी शेवटच्या झेंडीवर कॅमेरा रोखून बटण अर्धे दाबून ठेवावे आणि बैल तिथे पोहोचण्याच्या किंचित आधी पूर्ण दाबावे.

भाच्याचा कॅमेरा हाती आला की आणखी काही गोष्टी पाहाव्यात. वर्तमानपत्राचे एक अख्खे पान भिंतीला सपाट चिकटवावे, कॅमेरा स्टुलावर समोरासमोर ठेवून दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून वाचावेत. चारही कोपरे थोडे सारखेच पुसट असतील तर चालते. एकच कोपरा वाचता येत नसेल, तर भिंग आत कलले आहे, म्हणजे कॅमेरा कधीतरी पडलेला आहे, आणि तो घेऊ नये. पूर्ण झूम करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा; त्यात करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे आणि ती घरी निघत नाही. दहा वेळा चालू-बंद करून भिंगाचा आवाज कान देऊन ऐकावा. तो दरवेळी सारखा आणि गुळगुळीत यायला हवा. खरखर ऐकू आली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

या खरखरीवर मी एवढा जोर देतो, कारण माझा स्वतःचा एक कॅमेरा तिनेच गेला. एका शेतकऱ्याच्या खळ्यावर धान चुरण्याचे काम चालू असताना मी तिथे तासभर फोटो काढले. संध्याकाळी भिंग अर्धे बाहेर येऊन अडकले, पडद्यावर लेन्स एररची सूचना आली आणि दुरुस्तीचा जो खर्च नागपुरात सांगितला गेला, तेवढ्यात तसाच दुसरा कॅमेरा आला असता. आपल्याकडचा धानाचा कोंडा आणि मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा हे या सरकत्या भिंगांचे खरे वैरी आहेत. धूळ उडत असताना कॅमेरा चालू करू नये आणि एरवी तो झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओल लागली म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय तर अजिबात करू नये, कारण तांदळाचा भुगा भिंगाच्या फटीत शिरतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. बुरशी एकदा काचेवर चढली की तिचे कोरलेले डाग जात नाहीत.

उन्हाळ्याचेही पथ्य आहे. या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली असते, आणि आपल्या शेजारच्या ब्रह्मपुरीचे नाव मे महिन्यात देशातील सर्वांत तापलेल्या गावांत येत असते. मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवून तहसीलला जाऊ नये, बॅटरी फुगते. त्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि डोळा लावून पाहण्याची खिडकी या कॅमेऱ्यांना नसते, म्हणून टोपीची सावली धरून चौकट ठरवावी लागते.

बॅटरी हा जुन्या कॅमेऱ्याचा कच्चा दुवा असतो. ती सपाट आहे की पोटाला फुगली आहे हे टेबलावर ठेवून फिरवून पाहावे. फुगलेली असेल तर भिंगरीसारखी फिरते. नवी बॅटरी बाजारात मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. निकॉनचा २०१६ चा कूलपिक्स ए १० असे काही कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालतात. गावच्या किराणा दुकानातही सेल मिळतात या सोयीमुळे मी पूर्वी त्यांची शिफारस करीत असे; फक्त भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल त्यात घालू नयेत, ते थोड्याच फोटोंत मान टाकतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल आणि चार्जर घेतला की काम निभते. ए १० चा झूम मात्र पाच पटच आहे, म्हणून ताडोब्यासाठी मी भाच्याच्या कॅमेऱ्याला वरचढ मानतो.

शोधताना आणखी स्वस्त, दोन हजारांच्या आतले जुने कॅमेरे आपल्याला दिसतील. २००६ पूर्वीचा कॅमेरा बहुधा दोन जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड ओळखत नाही, आणि काहींना लागणारी एक्सडी नावाची वेगळी कार्डे आता दुकानात मिळत नाहीत. त्या सुमाराच्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत उष्णता आणि दमट हवेमुळे सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरची आतली जोडणी निकामी होत असल्याचे २००५ मध्ये उघड झाले होते आणि कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून दिले होते. आता ती सोय राहिलेली नाही. सध्या कॉलेजच्या मुलांत जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांच्या रंगांची हौस आल्यामुळे भाव मात्र चढे आहेत. नव्यांची निवडही अरुंद झाली आहे: २०१० च्या सुमारास जगात असे कॅमेरे वर्षाला दहा कोटींवर विकले जात, २०२३ मध्ये तो आकडा वीस लाखांच्याही आत होता.

भाच्याला कुरिअरने पाठवायला सांगू नये. दिवाळीला तो गावी येईल तेव्हा घेऊन यायला सांगावे आणि पैसे वर्तमानपत्राची चाचणी झाल्यावर द्यावेत. सोबत कार्ड फोनला जोडायचा रीडर घ्यावा, कारण डब्ल्यू ८३० मध्ये वायफाय नाही. सहलीच्या आदल्या रात्री कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ बरोबर लावावी आणि कार्ड खरोखर आत आहे ना, हे पाहून मगच झाकण लावावे. माझ्याकडे आलेल्या एका मंडळींना वाघ दिसला होता, पण कार्ड घरी संगणकातच राहिले होते.